शेताच्या बांधावरून फ्रान्स : आर्थर यंगच्या नोंदी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते आयुष्यभर शेतीबद्दल लिहीत राहिले, आणि लिहिण्याआधी शेतात जाऊन उभे राहिले. त्यांच्या नावाने बोलायचं तर शेतीवर लिहिणाऱ्याच माणसाबद्दल बोलावं, असं मला वाटलं. आर्थर यंग हा इंग्रज. १७८७, १७८८ आणि १७८९ अशी लागोपाठ तीन वर्षं तो फ्रान्समध्ये हिंडला. पेरा, खंड, मजुरी, खत, गुरांची पैदास यांची टिपणं घ्यायला तो गेला होता. त्या टिपणांचं पुस्तक १७९२ साली निघालं आणि फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिणाऱ्या प्रत्येक पिढीला ते उघडावं लागलं. जुन्या राजवटीवर ग्रंथ लिहिताना तोकव्हिलने त्याचा आधार घेतला. १७८९ च्या उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत पसरलेल्या घबराटीचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज लफेव्हरनेही घेतला.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगतो. यंगची मतं पुष्कळदा चुकली, पुष्कळदा बदलली, कधी एकमेकांवर आदळली. त्याच्या नोंदी मात्र टिकल्या. त्या टिकल्या कारण डोळ्यांना दिसलेलं आणि डोक्यात ठरलेलं यांचं जमलं नाही, तेव्हा त्याने दिसलेलं लिहून ठेवलं. आणि पुढे मत फिरल्यावरही मागचं लिहिलेलं खोडलं नाही. शेतीवर लिहिणाऱ्या माणसाकडे याहून मोठा गुण असू शकतो असं मला वाटत नाही.

यंग १७४१ साली जन्मला. वडील धर्मोपदेशक, घर सफक परगण्यातल्या ब्रॅडफील्ड गावी. १७६३ पासून त्याने घरची शेती हाती घेतली आणि प्रयोगांचा धडाका लावला. प्रयोग पुष्कळ झाले, पैसा मात्र आला नाही. पुढे एसेक्समध्ये त्याने एक मोठं शेत खंडाने घेतलं आणि ते अंगावर येतंय असं दिसताच पदरचे १०० पौंड देऊन दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात घातलं. बरं शेत शोधायला म्हणून तो इंग्लंडभर फिरू लागला आणि त्या फिरण्यातून त्याला त्याचं खरं काम सापडलं. दक्षिण इंग्लंडच्या प्रवासाचं पुस्तक १७६८ मध्ये आलं, उत्तरेचं १७७० मध्ये, पूर्वेचं १७७१ मध्ये, आयर्लंडचं १७८० मध्ये. १७८४ पासून त्याने ‘अ‍ॅनल्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ हे नियतकालिक चालवलं. त्याचे ४६ खंड निघाले. त्यात राजा तिसरा जॉर्ज स्वतः राल्फ रॉबिन्सन या टोपणनावाने लिहीत असे. राजाला शेतीवर लिहावंसं वाटतं आणि शेतकऱ्याच्या मासिकात लिहावंसं वाटतं, यावरून त्या काळच्या इंग्लंडात शेतीला किती मान चढला होता ते कळतं.

यंग फ्रान्सला निघाला तेव्हा त्याची मतं पक्की झालेली होती. जमीन पड टाकणं त्याला पाप वाटे. नॉरफकमध्ये सलगम, जव, क्लोव्हर आणि गहू अशी चार पिकांची फेरपालट चाले. सलगम आणि क्लोव्हर खाऊन गुरं वाढत, गुरांचं खत शेताला मिळे, आणि त्या खतावर गहू येई. जमीन एक वर्षही रिकामी राहत नसे. ही पद्धत जिथे नाही ती शेती मागासलेली, हे त्याचं माप. शेत मोठं हवं, भोवती कुंपण हवं, शेतकऱ्याच्या हाती भांडवल हवं आणि खंडाचा करार लांब मुदतीचा हवा, हे त्याने इंग्लंडात शेकडो पानांतून मांडलं होतं. लहान शेतकऱ्याबद्दल त्याला फारसा भरवसा नव्हता.

बोलावणं आलं ते सरदारांकडून. ला रोशफुकोल्द घराण्यातले दोन तरुण काही काळ सफकमध्ये राहून गेले होते आणि त्यांचे शिक्षक लाझोव्स्की यंगचे स्नेही झाले होते. घराण्यातली मंडळी पिरेनीज पर्वतातल्या औषधी झऱ्यांवर जाणार होती, तेव्हा लाझोव्स्कींनी लिहिलं की तुम्हीही या. १५ मे १७८७ रोजी यंगने डोव्हरहून कॅलेला जाणारं जहाज पकडलं. या तरुणांचे वडील ल्यांकूरचे ड्यूक. राजाच्या पोशाखखात्याचे प्रमुख आणि आपल्या जहागिरीत सुधारणेचे नाना उद्योग चालवणारे. म्हणजे यंगची ऊठबस देशातल्या सर्वांत वरच्या थरात होती. हे ध्यानात ठेवून पुढच्या नोंदी वाचाव्या लागतात.

पॅरिसहून दक्षिणेला निघाल्यावर त्याला पहिला धक्का बसला तो रस्त्यांचा. रस्ते उत्तम होते, रुंद होते, आणि जवळजवळ रिकामे होते. राजधानीच्या वेशीबाहेर इतक्या लवकर वर्दळ संपते कशी, हे लंडनकडून आलेल्या माणसाला उमगेना. मग त्याने हिशेब मांडला. रस्त्यावरून जायला माल हवा, माल घ्यायला गिऱ्हाईक हवं, आणि गिऱ्हाईक व्हायला लोकांच्या हाती पैसा हवा. पुष्कळ प्रांतांत हे रस्ते शेतकऱ्यांकडून वेठीने करून घेतलेले होते. ज्याच्या घामावर रस्ता झाला त्याच्याकडे त्या रस्त्याने बाजारात नेण्याजोगं काही उरत नव्हतं. रस्त्याच्या थाटावरून राज्याची श्रीमंती मोजणारे प्रवासी तेव्हाही पुष्कळ होते. यंगने गाड्या मोजल्या.

ओर्लेआँच्या दक्षिणेला सोलोन्य नावाचा रेताड मुलूख लागला. तिथली शेती अर्धेलीची. मालक बी देई, गुरं देई, कष्ट कुळाचे, उत्पन्नात निम्मा वाटा. कुळाकडे भांडवल नाही आणि मालकाचं लक्ष नाही. दोघांच्या मध्ये जमीन उपाशी. जमीन वाईट आहे हे यंगने मानलं नाही. अशाच रेताड जमिनीतून सफक-नॉरफकमध्ये काय पिकतं ते त्याला ठाऊक होतं. शेतं पाहून त्याला चीड आली आणि घरं पाहून वाईट वाटलं. देशभर खंडाने दिलेल्या जमिनीचा फार मोठा भाग अशाच अर्धेलीत आहे, असं त्याने पुढे नोंदवलं आणि या पद्धतीबद्दल त्याने कधीही चांगला शब्द लिहिला नाही.

दहा जूनच्या सुमारास केर्सी भागात पेराकजवळ त्याला दिसलं की बायामुली अनवाणी आहेत, त्यांच्या पायांत मोजेही नाहीत, आणि नांगर धरणाऱ्या गड्यांच्या पायांत लाकडी खडावाही नाहीत. असं दृश्य पाहून हळहळणारे प्रवासी खूप. यंगची गाडी हळहळीवर थांबली नाही. त्याचा तर्क असा, की देशाची भरभराट श्रीमंतांच्या खर्चावर उभी राहत नाही. गरिबांचा खप हा तिचा खरा पाया. ज्या देशातल्या लाखो कष्टकऱ्यांना चामडं आणि लोकर विकत घेता येत नाही, त्या देशात चांभार, विणकर, मेंढपाळ, सगळ्यांचाच धंदा मुळातून खुंटतो. १७८७ साली, एका खेड्याच्या वाटेवर, अनवाणी पाय पाहून त्याने हा विचार केला. पुढच्या शतकात अर्थशास्त्राने हीच गोष्ट मोठमोठ्या ग्रंथांत मांडली.

आता मी ज्या दोन जागांवर जरा रेंगाळणार आहे, त्या दोन्ही पहिल्या प्रवासातल्या आहेत.

लाँगदॉकमध्ये सोव्ह आणि गाँझ या गावांच्या आसपास डोंगर खडकाळ आहे. त्या खडकांवर यंगला झाडं दिसली. ऑलिव्ह, तुती, बदाम, पीच, आणि मधल्या भेगांतून द्राक्षवेली. लोकांनी दगड रचून ताली घातल्या होत्या, खालची माती वर वाहून नेली होती. जमिनीच्या गुणाने तिथे काहीही यायला नको होतं. मग हे घडलं कशामुळे? कारण विचारण्याचीही गरज नाही, असं यंगने लिहिलं: हे तुकडे त्या लोकांच्या मालकीचेच असणार. इथे यंगने जो निष्कर्ष काढला तो त्याच्या सगळ्या लेखनात सर्वांत प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा, की कायमची मालकी मिळाली तर माणूस उघड्या खडकाचीही बाग करतो, आणि बाग जरी नऊ वर्षांच्या खंडाने दिली तरी तिचं वाळवंट होतं.

दुसरी जागा बेआर्नमध्ये, पो गावाहून मोनेनकडे जाताना. पक्क्या दगडी भिंतींची, कौलारू, नीटनेटकी घरं. प्रत्येकाभोवती छाटलेल्या काटेरी कुंपणाची छोटी बाग, फळझाडं, मोठाले ओक. अंगणात गुरं, घरात ऊब, माणसांच्या अंगावर धड कपडे. आदल्या दिवसांत पाहिलेल्या दैन्यानंतर हे दृश्य इतकं अवचित होतं की ते खरं वाटेना. सगळी घरं लहान जमीनमालक शेतकऱ्यांची. जमिनीचे तुकडे बेताचे, पोट भरण्याइतके. हा चौथ्या हेन्रीचा मुलूख. आपल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या हंडीत कोंबडी शिजावी अशी इच्छा त्या राजाच्या नावावर सांगितली जाते. यंगला त्याची आठवण झाली.

मित्रहो, इथे यंगची अडचण समजून घ्या. हा मोठ्या शेताचा पुरस्कर्ता. लहान तुकड्यांनी शेती बिघडते, लोकसंख्या फाजील वाढते, असं सांगत आलेला. आणि दक्षिण फ्रान्समध्ये त्याला नीट राखलेली शेतं दिसतात ती लहान मालकांची, तर मोठ्या सरदारांच्या जहागिरीत गवत आणि नेचे माजलेले. ऑगस्टअखेर नैर्ऋत्येकडून वर येताना बुयोंचे ड्यूक आणि सुबीझचे प्रिन्स यांच्या जमिनी लागल्या, तेव्हा तो संतापून लिहून गेला की मोठ्या सरदाराची खूण म्हणजे ओसाड माळ. त्याचा वाडा गाठायचा तर हरणं, रानडुकरं आणि लांडगे यांनी भरलेल्या रानातून जावं लागेल. एका दिवसासाठी आपल्याला या देशाचा कायदेकर्ता केलं तर या मंडळींना चांगलंच नाचवू, असंही त्याने लिहिलं.

हे वाक्य छापायच्या वेळी फ्रान्सचे रंग पालटले होते. सरदारांचे वाडे जळत होते, कित्येकजण देश सोडून पळाले होते. त्या संतापाच्या मजकुराखाली यंगने तळटीप दिली. तिचा सारांश असा: हे उद्गार त्या क्षणाचे होते, नंतरच्या घटनांमुळे असे कित्येक उतारे गाळावेत असं मनात आलं होतं, पण ते तसेच ठेवणं सर्वांच्याच दृष्टीने न्यायाचं आहे. मला ही तळटीप त्याच्या पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. स्वतःला अडचणीत आणणारी नोंद छापायला धैर्य लागतं, आणि ते धैर्य रणांगणावरच्या धैर्याहून दुर्मिळ आहे.

बेआर्न आणि सोव्हच्या नोंदींचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण त्यांची वाट आपल्याकडे येते. १८४८ साली जॉन स्टुअर्ट मिलने अर्थशास्त्रावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जमीन कसणाऱ्याच्याच मालकीची असावी हे मांडताना त्याने यंगचे लांब लांब उतारे दिले. त्यामागचा त्याचा युक्तिवाद असा, की मोठ्या शेतीचा कट्टर समर्थक जेव्हा लहान मालकाच्या कष्टाची ग्वाही देतो, तेव्हा ती ग्वाही दुप्पट वजनाची ठरते. मिल १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. हिंदुस्थानच्या कारभाराचे प्रश्न त्याच्या टेबलावरून जात. मिलचा तो ग्रंथ आपल्याकडच्या पहिल्या शिकलेल्या पिढीने अभ्यासला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं, तेव्हा विलायती सिद्धान्त जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत हे मांडताना मिलशीच त्यांचा संवाद होता. जमीन कसणाऱ्याच्या नावावर असावी की नाही, असली तर सारा किती, मुदत किती, हे प्रश्न मुंबई इलाख्यातल्या रयतवारीत रोजच्या भाकरीचे प्रश्न होते.

पहिल्या प्रवासाच्या शेवटी यंग पॅरिसला आला. तिथे ऑक्टोबरात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या घरी गेला. मादाम लाव्हाझिए तेव्हा कर्वन या शास्त्रज्ञाच्या फ्लॉजिस्टन या ज्वलनाविषयीच्या कल्पनेवरच्या निबंधाचं भाषांतर करत होत्या. त्यांच्याशी झालेलं बोलणं यंगला जेवणाहून अधिक रुचलं. १७ ऑक्टोबर १७८७ रोजी एका मेजवानीत तो होता. सगळ्यांचं एकच म्हणणं, की राज्यकारभारात मोठी उलथापालथ अगदी दारात आहे. तिजोरी रिकामी, कर्ज वाढलेलं, राजा सज्जन पण निश्चय नसलेला, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्यापासून सगळीकडे सुटलेलं वारं. यंगने हे जसं ऐकलं तसं टिपलं. पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडायला अजून जवळजवळ दोन वर्षं होती.

१७८८ चा प्रवास एकट्याचा. सोबतीला घोडी, ती वाटेत आंधळी झाली, तरी त्याने तिच्यावरूनच प्रवास पुरा केला. नॉर्मंडीतून तो ब्रिटनीत शिरला. एक सप्टेंबरला कोंबूर हे गाव लागलं. शेती आदिम, गाव घाणेरडं, रस्ते मोडलेले, आणि मधोमध एक वाडा. असल्या घाणीत आणि दैन्यात राहायला मन घट्ट असलेले हे श्रीयुत शातोब्रियाँ कोण, असं यंगने वहीत विचारून ठेवलं. ज्याला आपण फ्रेंच साहित्यातला शातोब्रियाँ म्हणून ओळखतो, त्याचं बालपण त्याच वाड्यात गेलं होतं. यंगला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो आपला शेणखताचे ढीग शोधत होता. ब्रिटनीत मैलोन्‌मैल झुडपी माळ आणि दलदल पाहून २१ सप्टेंबरला तो नाँतला पोहोचला. तिथे नुकतंच नवं नाट्यगृह बांधलं होतं. लंडनच्या ड्रुरी लेनहून दुप्पट मोठं आणि कितीतरी पट झगमगीत. तीनशे मैलांचा ओसाड मुलूख ओलांडून शेवटी यायचं ते इथे, हे त्याला सहन होईना. मधल्या टप्प्याची अशी कोणतीच गोष्ट या देशात नाही; दैन्य संपतं तिथेच उधळपट्टी सुरू होते, असं त्याने लिहिलं. नाँतची श्रीमंती वेस्ट इंडिजच्या साखरेवर आणि गुलामांच्या व्यापारावर उभी होती. त्या बाजूचा हिशेब यंगने मांडला असता तर बरं झालं असतं. त्याची नजर पुढच्या पडीक शेतावर होती.

तिसऱ्या प्रवासाला जून १७८९ मध्ये सुरुवात झाली. पॅरिसच्या पाले-रॉयालमध्ये पत्रकांचा पूर आला होता. यंगने दुकानात विचारून आकडे लिहून घेतले: त्या दिवशी १३ नवी पत्रकं, आदल्या दिवशी १६, मागच्या आठवड्यात ९२. १५ जूनला तो व्हर्सायला जाऊन देशभरातून आलेल्या प्रतिनिधींची सभा ऐकून आला. सिएस, मिराबो, बार्नाव्ह यांची भाषणं त्याने ऐकली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून सभेत भाग घ्यावा, शंभर माणसांनी एकाच वेळी उठून बोलावं, हे त्याच्या इंग्रज मनाला रुचलं नाही. २७ जूनला धर्मगुरू, सरदार आणि सामान्यजन या तिन्ही वर्गांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि यंगने लिहून टाकलं, की सारं आटोपलं, क्रांती पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी तो पॅरिस सोडून पूर्वेला निघाला. बास्तीयचा १४ जुलै त्याने त्यामुळे गमावला. छापताना हे वाक्यही त्याने तसंच ठेवलं.

पण पॅरिस सोडलं म्हणून त्याला १२ जुलै मिळाला. शाँपान्यातून मेसकडे जाताना चढ लागला, तेव्हा घोडीला ओझं होऊ नये म्हणून तो गाडीतून उतरून चालू लागला. वाटेत एक गरीब बाई त्याच्याबरोबर चालू लागली आणि दिवस वाईट आलेत म्हणून गाऱ्हाणं सांगू लागली. यंगने कारण विचारलं. हे विचारणं हाच त्याचा स्वभाव. बाईने कारण सांगितलं, आकड्यांसकट. नवऱ्याकडे जमिनीचा एक तुकडा, एक गाय, एक मरतुकडं घोडं. एका मालकाला वर्षाला ४२ पौंड, म्हणजे सुमारे १९ किलो गहू आणि तीन कोंबड्या द्यायच्या. दुसऱ्याला ओटची चार मापं, एक कोंबडी आणि सू नावाचं एक नाणं. शिवाय सरकारी कर. मुलं सात. गाईच्या दुधाने सूप जरा दाट व्हायचं, एवढाच आधार. घोड्याऐवजी दुसरी गाय का ठेवत नाही, असं त्याने विचारलं. तेव्हा ती म्हणाली, घोड्यावाचून नवऱ्याचा शेतमाल वाहून नेणं अवघड जातं, आणि या भागात गाढवं फारशी कुणी वापरत नाही. मोठ्या लोकांपैकी कुणीतरी गरिबांसाठी काहीतरी करणार आहेत असं कानावर आलंय, म्हणाली. कोण आणि कसं ते ठाऊक नाही. देव बरे दिवस आणो, कारण कर आणि मालकांचे हक्क यांनी आम्ही चिरडलो गेलोत.

थोड्याच अंतरावरूनही ती साठ-सत्तरीची वाटत होती. पाठ वाकलेली, चेहऱ्यावर कष्टाने पडलेल्या खोल रेघा. तिने वय सांगितलं: २८.

या भेटीवर शेकडो लेखकांनी लिहिलंय. बहुतेकांना आठवतं ते वय. मला त्यातला गहू आणि कोंबड्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. कारण दैन्य दाखवणं सोपं आहे. ते दैन्य कोणत्या वाटेने त्या घरात आलं हे दाखवणं अवघड. एका तुकड्यावर दोन मालकांचे दोन वेगळे हक्क, वर राज्याचा कर, वर चर्चचा दशांश. यांतला एकही बोजा एकटा पाहिला तर असह्य वाटत नाही. चार जणांनी आपापला वाटा काढून नेल्यावर तव्यावर काय उरतं हे त्या बाईला माहीत होतं, आणि यंगने तिच्या तोंडून ते मापासकट उतरवून घेतलं. चढावरच्या चालीत घडलेली ही नोंद व्हर्सायच्या सभागृहात त्याने ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा अधिक काही सांगते.

दोन दिवसांनी, १४ जुलैला, तो मेसमध्ये होता आणि पॅरिसमध्ये काय चाललंय याचा तिथे कुणाला पत्ता नव्हता. बास्तीय पडल्याची बातमी त्याला २० जुलैला स्त्रासबूरमध्ये कळली. दुसऱ्या दिवशी त्या शहरात जमावाने नगरभवन फोडलं. खिडक्यांतून कागदपत्रांचा पाऊस पडत होता आणि सैनिक बघत उभे होते. समोरच्या बुटक्या दुकानांच्या छपरावर चढून यंगने ते पाहिलं. त्यानंतरच्या आठवड्यांत त्याचा सतत एकच शोध चालू होता, वर्तमानपत्राचा. मुलँसारख्या प्रांताच्या राजधानीत, भरपूर टेबलं असलेल्या कॉफीघरात, एकही वर्तमानपत्र नव्हतं. राष्ट्राचं भवितव्य ठरतंय आणि लोकांना आपले प्रतिनिधी जिवंत आहेत की तुरुंगात आहेत हे कळायला मार्ग नाही. त्या पोकळीत अफवा शिरल्या. कोलमारला जेवणाच्या टेबलावर त्याला सांगण्यात आलं, की राणीने राष्ट्रीय सभा सुरुंगाने उडवायचा आणि पॅरिसवर सैन्य धाडायचा कट केला आहे. पत्र आलंय म्हणाले, म्हणजे खरंच असणार. पॅरिसमध्ये आठवड्याला ९२ पत्रकं आणि मुलँमध्ये शून्य, या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की १७८९ चा तो उन्हाळा बराचसा उलगडतो.

बझाँसोंच्या वाटेवर लील-स्यूर-दू गावाजवळ त्याला जमावाने अडवलं. टोपीवर क्रांतीच्या बाजूची फीत नव्हती. म्हणजे हा सरदार असणार. यंगने मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये भाषण केलं. इंग्लंडातही पुष्कळ कर आहेत, तो म्हणाला, पण ते श्रीमंतांवर आहेत. खिडक्यांवर कर आहे, पण सहापर्यंत खिडक्या असणाऱ्याला तो नाही. घोडे, बग्ग्या, नोकर ठेवणाऱ्याला कर. गरीब शेतकऱ्याला नाही. उलट गरिबांच्या मदतीसाठी श्रीमंतांकडून वेगळा कर घेतला जातो. लोकांना प्रत्येक शब्द पटला. त्यांनी त्याला सोडलं. पुढे विव्हारेतल्या त्वेत गावी मात्र रात्री अकराच्या सुमारास सशस्त्र लोकांनी त्याला खाणावळीत घेरलं. कुणाच्या शेतात किती पिकतं असं विचारत फिरणारा परका माणूस कर वाढवण्यासाठीच आला असणार, तोही राणीच्या वतीने, अशी त्यांची खात्री. शेतकऱ्याला आकडे विचारणारा माणूस म्हणजे सरकारचा माणूस, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने शिकवलं होतं. त्यांचा संशय यंगच्या बाबतीत चुकीचा होता. राजवटीच्या बाबतीत बरोबर होता.

पुस्तकाच्या दुसऱ्या भागात यंगने या सगळ्याची मांडणी केली. द्राक्ष, मका आणि ऑलिव्ह यांच्या उत्तरेकडच्या सीमा नकाशावर तिरप्या, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे चढत जातात, हे त्याने दाखवलं. राजघराण्याच्या शिकारी मुलुखांबद्दल त्याने जे लिहिलं ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. गव्हात रानडुकरं मोकाट फिरत. तित्तिराची पिल्लं बिचकतील म्हणून खुरपणीला बंदी. अंडी फुटतील म्हणून ठरल्या दिवसाआधी गवत कापायला बंदी. शिकारीच्या मांसाची चव बिघडेल म्हणून विशिष्ट खत घालायला बंदी. शेतकऱ्यांनी १७८९ मध्ये पाठवलेल्या तक्रारींच्या वह्यांतून त्याने हे गोळा केलं. लोरेनमध्ये एक दरी भरून काढायच्या वेठीत ३०० शेतकरी भिकेला लागले, अशीही एक नोंद आहे.

१७९३ पर्यंत यंग बदलला. राजाचा शिरच्छेद झाला, त्याच्या ओळखीचे लोक मारले गेले, ल्यांकूरचे ड्यूक परागंदा होऊन सफकमध्येच येऊन राहिले. लाव्हाझिए पुढे १७९४ मध्ये गिलोटिनवर गेला. १७९३ मध्ये यंगने ‘फ्रान्सचं उदाहरण, ब्रिटनला इशारा’ अशा आशयाच्या नावाची पुस्तिका काढली. तिच्यात तो क्रांतीचा कडवा विरोधक झालेला दिसतो. त्याच वर्षी तो नव्या सरकारी कृषिमंडळाचा सचिव झाला आणि टीकाकारांनी पगारासाठी मत विकल्याचा आरोप केला. मला हा आरोप मान्य नाही. भीती खरी होती, आणि १७८९ चा तो उन्हाळा त्याने डोळ्यांनी पाहिला होता. पण त्या पुस्तिकेत त्याची पाहणी नाही, घाबरलेला माणूस आहे. १७९४ मध्ये प्रवासाची दुसरी आवृत्ती निघाली. चढावरची ती बाई त्या आवृत्तीतही आपल्या जागी होती.

१७९७ साली त्याची लाडकी धाकटी मुलगी वारली आणि तो खचला. त्यानंतर धर्माकडे आणि गरिबांच्या प्रश्नाकडे तो अधिक वळला. १८०० च्या सुमारास इंग्लंडात धान्य महाग झालं होतं. यंग जुन्या सवयीने पुन्हा गावोगाव विचारत फिरला, आणि या वेळी त्याला स्वतःच्याच शिकवणुकीचे परिणाम दिसले. त्याने आयुष्यभर जिचा पुरस्कार केला त्या कुंपणबंदीने, म्हणजे सामाईक जमिनीला कुंपण घालून ती खाजगी करण्याने, गावची गायरानं संपली होती. ज्या मजुराची गाय त्या गायरानावर चरत असे त्याची गाय गेली, आणि मुलांचं दूध गेलं. १८०१ मध्ये त्याने लिहिलं, की कुंपणबंदीचे कायदे वीसपैकी एकोणीस वेळा गरिबाचं नुकसान करतात. उपाय म्हणून त्याने सुचवलं, की माळजमिनीतून मजुरांच्या कुटुंबांना थोडी जमीन मालकीने द्यावी; बटाटे लावता येतील आणि एक गाय पोसता येईल इतकी. सोव्हच्या खडकांवर जे त्याने पाहिलं होतं तेच तो आता आपल्या देशासाठी मागत होता. तो ज्याचा सचिव होता त्या मंडळाने ही सूचना उचलून धरली नाही. त्याच वर्षी संसदेने कुंपणबंदीची कायदेशीर वाट अधिक सोपी केली आणि त्या कायद्यात मजुराच्या गाईसाठी जमीन नव्हती. १८११ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसून यंगची दृष्टी गेली. पुढची नऊ वर्षं, १८२० मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो लेखनिकाला मजकूर सांगत राहिला.